कोरड्या नदीचा भोंगा

२ जून

एकच नदी, एकच आभाळ, मग वरच्या लोकांच्या घरात पाणी शिरतं आणि आपल्या घशाला कोरड पडते, असं का? आत्याने आज विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे बोलले मी पुष्कळ. डोंगर, वारे, ढग कुठल्या बाजूला रिकामे होतात, सगळं हातवारे करून सांगितलं. तिने काकड्यांवरची वाळू झटकत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे कसं ते झालं, पोरी. मी का ते विचारतेय." घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिल्याच तोंडी परीक्षेत नापास झाले.

धरणावर नोकरी लागून महिना झाला. सकाळी भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, वरच्या खोऱ्यातल्या केंद्राला फोन करून तिकडचा पाऊस विचारायचा, दोन्ही आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. पट्टीचा बहुतेक भाग उघडाच आहे. तळाशी जे हिरवट पाणी उरलंय त्याला धरण म्हणायला जीभ रेटत नाही.

खाली गावात तर नदी नावालाही राहिलेली नाही. हे तिसरं कोरडं वर्ष. पात्रात वीटभट्टी आहे, आठवड्याचा बाजार भरतो, पोरं चेंडू खेळतात. जुन्या पुलाच्या अलीकडे आत्याचं खोपटं आणि काकडीचा मळा आहे. वाळू खणली की थोडी ओल लागते. ती काकडीला पुरते, माणसाला पुरत नाही.

मला या कामात काहीतरी चांगलं करून दाखवायचंय. हे कुणाला बोलून दाखवलं तर हसतील, म्हणून इथे लिहिते.

५ जून

आज टँकरबरोबर खाली गेले. धरणातलं पाणी गाळून टँकरमध्ये भरतात आणि जुन्या पुलाखाली, पात्रातच, काळ्या टाक्यांची रांग आहे तिच्यात ओततात. पात्रात का, तर तिथे जागा सपाट आणि सगळ्या आळ्यांना सारखीच जवळ.

टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. कधी इंजिन बिघडतं, कधी गाळणी तुंबते. त्यामुळे बायका सकाळपासून हंडे घेऊन टाक्यांपाशी बसून राहतात. उन्हात, दिवसभर. एक बाळंतीण पुलाच्या सावलीत मूल मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, घरी का नाही बसत? ती म्हणाली, "मी घरी बसले की टँकर येतो. मी इथे बसले की येत नाही. त्याचं आणि माझं वाकडं आहे."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. येताना टँकरवाल्या भाऊंना म्हटलं, तुम्ही निघालात हे त्यांना आधी कळलं तर? ते म्हणाले, "बाई, मी निघालोय हे मलाच आधी कळत नाही."

६ जून

सुचलं! धरणावर भोंगा आहे. केवढा तरी मोठा, भिंतीच्या टोकाला खांबावर बसवलेला. तीन वर्षांत एकदाही वाजलेला नाही. टँकर फाटकातून बाहेर पडला की तो वाजवायचा. अख्ख्या गावाला ऐकू जाईल. बायकांनी घरची कामं करावीत, भोंगा वाजला की निघावं.

साहेबांना जाऊन सांगितलं. "तो वेगळ्या कामाचा आहे," म्हणाले. मी म्हटलं, "पण साहेब, ते काम आता आहेच कुठे?" मग तेही हसले. "लाव बाई. निदान त्याच्यातली पाखरं तरी उडतील."

९ जून

वाजला! भोंग्यात खरंच घरटं होतं, आधी काड्यांचा पाऊस पडला, मग आवाज फुटला. मी टँकरमध्ये भाऊंच्या शेजारी बसले होते. आम्ही पुलापाशी पोहोचतो तो दोन्ही काठांवरून बायका, म्हातारे, पोरं हंडे घेऊन पात्रात उतरत होती. कुणी बसून नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. ती बाळंतीण मूल घरी ठेवून आली होती. माझा हात धरून म्हणाली, "आज माझा स्वयंपाक झाला."

घरी बाबांनी हे चारदा सांगायला लावलं. ते सायकली दुरुस्त करतात, त्यांच्या दुकानावर सगळं गाव येतं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पंक्चरच्या आधी भोंग्याची गोष्ट ऐकावी लागणार.

१४ जून

वरच्या केंद्रावरच्या मुलीशी रोज बोलून बोलून मैत्री झालीय. एकमेकींना पाहिलेलं नाही. ती माझ्याएवढीच आहे, तिचं घर नदीकाठी आहे, आणि तिच्याकडे पाऊस सुरू झालाय. फोनमध्ये मागे सतत तडतड ऐकू येते, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाची. मी तिला म्हटलं, जरा फोन खिडकीबाहेर धर ना. तिने धरला. मी डोळे मिटून ऐकत बसले. साहेब आत आले तरी कळलं नाही.

ती मला "कोरडे" म्हणते, मी तिला "ओले."

"काय गं कोरडे, आंघोळ केलीस का?"

"परवा केली. तू?"

"माझी आपोआप होते."

१७ जून

आत्याच्या खोपट्याला नवीन छप्पर. कुठलासा मोठा पत्रा तिला काठावर पडलेला सापडला, तो भट्टीवरच्या माणसांकडून वर चढवून घेतला. आत बसलं की डोक्यावर उलटी अक्षरं दिसतात. मान वाकडी करून वाचलं: "भोंगा वाजताच नदीपात्र ताबडतोब सोडावे." आम्ही दोघी पोट धरून हसलो. आत्या म्हणाली, "बघ, सरकारी छप्पर आहे. पडणार नाही."

२३ जून

आत्याचे गुडघे फार सुजलेत. भोंगा वाजला की ती टाक्यांपर्यंत जाईस्तोवर पाणी संपलेलं असतं. म्हणून मी धरणावरच्या आमच्या वाट्यातला एक कॅन रोज भरून सायकलवर तिच्याकडे नेते. माझं पाणी मी कुणाला द्यावं हा माझा प्रश्न आहे. तरी आज टाक्यांपाशी एकजण मोठ्याने बोललीच: "तिच्या आत्याला भोंग्याची काय गरज? घरचाच भोंगा आहे!"

वाईट वाटलं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बोलू दे. तुला शाळेत घालायला तुझा बाप कबूल नव्हता. मी हाताला धरून नेलं होतं तुला. तेव्हाही बोलले होते लोक. आता मी तुझ्या हातचं पाणी पिते, फिटलं."

फिटायचं काय त्यात. पण ती बोलली ते बरं वाटलं.

३० जून

पट्टीवरचं पाणी वर सरकलं. मला आधी खरं वाटेना, खाली वाकून बोट लावून बघितलं. आमच्याकडे आभाळ कोरं करकरीत आहे, ऊन तसंच आहे, पण वरचं पाणी येऊ लागलंय. गढूळ, तांबडं, काटक्यांनी भरलेलं. सुंदर दिसतं.

ओलीला फोन करून म्हटलं, अजून पाठव. ती म्हणाली, "घे बाई, सगळंच घे. आमच्या शाळेच्या मैदानात गुडघाभर साठलंय."

६ जुलै

आजचा दिवस मला लक्षात राहील. साहेबांनी पहिल्यांदा माझं मत विचारलं.

ओलीने सकाळी सांगितलं होतं की तिकडे थांबण्याचं चिन्ह नाही, आणि तिचे साहेब म्हणत होते की खालच्या धरणाने आताच थोडंथोडं सोडून जागा करून ठेवावी. आमचे साहेब खिडकीपाशी उभे राहिले. "वरून हुकूम आहे की पूर्ण भरेपर्यंत एक थेंबही सोडू नका," म्हणाले. "पण थोडं सोडावं असं मलाही वाटतं. तू रोज खाली जातेस. तुला काय वाटतं?"

मी सरळ सांगितलं. ज्या बायका एका हंड्यासाठी धावतात त्यांच्या डोळ्यांसमोरून पाणी वाळूत सोडून द्यायचं? उद्या पाऊस थांबला तर त्यांना काय तोंड दाखवायचं? आवाज थोडा चढलाच माझा. साहेब खिडकीपासून परत टेबलाशी आले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. राहू दे."

दरवाजे बंद राहिले. घरी जाताना सायकल हवेत चालल्यासारखी वाटत होती.

११ जुलै

पाणी चढतंय. भिंतीवर लोक बघायला येतात, डबे घेऊन, पोराबाळांना घेऊन. एका म्हाताऱ्याने पाण्याकडे बघून टोपी काढली.

१४ जुलै

ओलीची खालची आळी गेली. तिने सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता, पावसाचे आकडे सांगते तसा. दोन घरं रात्रीत वाहून गेली, विहिरींत घाण पाणी शिरलं. "गंमत बघ," ती म्हणाली, "कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि सकाळपासून पाणी प्यायलेली नाही. प्यायचं पाणीच नाही."

मी म्हटलं, आमच्याकडचा टँकर पाठवू का? दोघी हसलो. मग ती म्हणाली, "कोरडे, तुमचे दरवाजे बंदच आहेत का अजून?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

आज खाली बाजार होता. पोरं एक नवीन खेळ खेळत होती. एकाने तोंडाने भोंगा वाजवायचा, बाकीच्यांनी डोक्यावर डबे घेऊन पुलाखाली धावायचं, शेवटचा पोचेल तो बाद. माझ्याच भोंग्याचा खेळ झालेला बघून मजा वाटली.

१७ जुलै

साहेबांनी दरवाज्यांच्या साखळ्यांना वंगण घालायला सांगितलंय. कदाचित उघडावे लागतील. तीन वर्षांनी! मला त्यांनी पद्धत समजावली. आधी भोंगा, सलग, थांबवायचा नाही. त्यानंतर दरवाजे. भोंग्याशिवाय दरवाजा उचलायचा नाही, कोणी काही म्हणो. लिहून ठेवते: आधी भोंगा, मग दरवाजे.

ओली फोन उचलत नाही.

१८ जुलै

अक्षर वाईट येईल, येऊ दे.

दुपारी बाबांना डबा द्यायला दुकानात गेले होते. दुकान काठावर, पुलाच्या तोंडाशी आहे. भोंगा वाजला. आज मी टँकरमध्ये नव्हते, म्हणून वरून बघितलं. पहिल्यांदाच वरून बघितलं. बाबांच्या समोरचा माणूस सायकल तशीच टाकून उतारावरून पळाला. भट्टीवरचे पळाले. शिंप्याने मशीन सोडली. दोन्ही काठांवरून माणसं नुसती ओतल्यासारखी पात्रात उतरली आणि मधोमध, जिथे सगळ्यात खोल आहे, तिथे गोळा झाली.

आणि मी काल काय लिहून ठेवलंय? आधी भोंगा.

बाबा म्हणाले, "काय झालं गं, चेहरा असा का झाला?" मी तशीच सायकलवर बसून धरणावर गेले. साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "तो वेगळ्या कामाचा आहे असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले. रागाने नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

१९ जुलै

आजपासून टँकर भोंग्याशिवाय निघतो. आणि मी घरोघर फिरले. पात्रातून वर या, टाक्या वर हलवणार आहोत, पाणी सोडावं लागेल.

"सोडा की! भांडी घेऊन बसतो."

"बाई, आभाळाकडे बघा जरा."

"तीन वर्षं नदीचं तोंड बघितलं नाही, आणि आता भीती दाखवता?"

भट्टीवाल्याने विचारलं, "एवढ्या कच्च्या विटा डोक्यावर घेऊन जाऊ?" ती बाळंतीण फक्त एवढंच म्हणाली, "भोंगा का बंद केलात हो? सकाळपासून परत बसायला लागलो आम्ही." हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला.

टाक्या हलवायला आणि लोकांना उठवायला माणसं हवीत. गावच्या कचेरीतून साहेबांना निरोप आला, सोमवारी पाठवतो.

आत्याला म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "काकड्या उतरवून होऊ देत. बाजार झाला की येते. आणि एवढं घाबरतेस कशाला? भोंगा वाजला की समजेलच की. माझ्या डोक्यावरच लिहिलंय." तिला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवलं होतं.

निदान तिला अर्थ माहीत आहे. एकटीलाच. ही गोष्ट मनाशी धरून झोपते.

२० जुलै

पाणी दरवाज्यांच्या काठाला लागलंय. साहेब आज एक दरवाजा थोडासा उचलणार होते, पण उद्या बाजार, आज सगळा माल पात्रात उतरलाय. बाजार उठला की उचलू, असं ठरलं. आकाश निळंशार आहे. इतकं निळं की बघवत नाही.

कॅन नेऊन ठेवला. आज दोन नेले.

२२ जुलै

आत्या सापडलेली नाही. हे आधी लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहून होईल आणि हेच राहील.

काल सकाळी ओलीचा फोन आला, कुणाच्या तरी दुसऱ्याच फोनवरून. ती एका शाळेच्या गच्चीवर होती. म्हणाली, "कोरडे, वरचा बंधारा गेला. सगळं तुमच्याकडे निघालंय. साहेबांना सांग, आत्ता." तिच्या आवाजामागे पाऊस नव्हता. थांबला होता तिकडे.

साहेबांनी ऐकलं आणि उठून उभे राहिले. दरवाजे उचलले नाहीत तर पाणी भिंतीवरून जाईल, आणि भिंत गेली तर गाव काठासकट जाईल. "भोंगा लाव," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, बाजार भरलाय. भोंगा लावला तर काठावरचेही आत उतरतील."

"आणि नाही लावला तर? न वाजवता दरवाजे उघडले म्हणून उद्या मी काय सांगू?"

"फ्यूज उडाला म्हणून सांगा."

"उडाला?"

मी तो काढून पिशवीत टाकला. "हो, उडाला. मला टँकरपुरता वेळ द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "जेवढा धरवेल तेवढा धरतो. पळ."

भाऊंचा टँकर भरून उभा होता. मी पायरीवर उभी राहिले, आम्ही तसेच पात्रात उतरलो. बाजार तुडुंब होता. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, पूर येतोय, वर चला. लोक माझ्याकडे बघायचे, आभाळाकडे बघायचे. एक भांडीवाला म्हणाला, "बाईंना ऊन लागलं." बायका तर टँकर बघून हंडे घेऊन टाक्यांकडे निघाल्या होत्या. बरोबरच होतं त्यांचं. टँकर टाक्यांकडेच जातो.

तेव्हा मी मागे गेले आणि टँकरची तोटी सोडली. पूर्ण. भाऊंना ओरडून सांगितलं, टाक्यांपाशी थांबू नका, शाळेच्या टेकडीवर घ्या, हळूहळू घ्या.

पाणी जाड धारेने वाळूत पडायला लागलं. मग जो काही कालवा उठला! "अरे, तोटी उघडी आहे!" "मेल्या, पाणी सांडतंय, थांबव!" "पळा, पळा, हंडा लाव!" पूर येतोय म्हणून एक माणूस हललं नव्हतं. पाणी वाया जातंय म्हणताच सगळे पळाले. बायका धारेखाली हंडे धरून धावत होत्या, माल सोडून बाजारवाले आले, भट्टीवरचे घमेली घेऊन आले, आणि काठावरचे लोक टेकडीच्या वाटेवर आडवे होऊन मिळाले. मला शिव्या देत होते. तशा शिव्या मला आयुष्यात कुणी दिलेल्या नाहीत, आणि त्या ऐकू येत राहाव्यात असं मला वाटत होतं, कारण ऐकू येत होत्या तोवर ते मागे होते.

टेकडीवर पोहोचलो तेव्हा टँकर रिकामा झाला होता. त्या बाळंतिणीने माझ्या खांद्यात रिकामा हंडा मारला. दुसऱ्यांदा मारायला उचलला आणि तसाच वर धरून राहिली, कारण आवाज आला होता. आधी वाटलं वारा. मग पुलाच्या कमानींतून तांबडं काहीतरी उभंच्या उभं आलं. विटा, फळ्या, काळ्या टाक्या चेंडूसारख्या. तिने हंडा खाली ठेवला आणि माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा.

बाबा टेकडीवर आले होते. ते माणसांमधून फिरत होते, प्रत्येक म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला वळवून बघत होते.

आज साहेब म्हणाले की मी गाव वाचवलं. संध्याकाळी ओलीचा फोन आला. नुसतं "काय गं" म्हणाली. पुढचा शब्द दोघींनीही उच्चारला नाही.

मधला भाग राहिला.

पात्रातून टेकडीचा चढ सुरू होतो तिथून आत्याचा मळा सरळ समोर दिसतो. ती दारात उभी होती, त्या पत्र्याखाली. मी दोन्ही हातांनी खुणा केल्या, ये, ये. तिला वाटलं पाण्यासाठी बोलावतेय. तिने दाराशी ठेवलेल्या दोन्ही कॅनांवर थापटून दाखवलं. भरलेले आहेत. मी आदल्या दिवशी ठेवलेले. मग हात हलवला, जा तू, माझं आहे. भोंगा वाजला असता तर तिला समजलं असतं. सगळ्या गावात तिला एकटीला.

पायरीवरून उडी मारली असती तर मी तिच्यापर्यंत पोहोचले असते. पण लोक गेले दीड महिना एकच शिकलेत, बाई जाते तिकडे पाणी. मी खाली उतरून पात्राकडे धावले असते तर निम्मे तरी माझ्यामागे वळले असते.

भाऊंनी आरशात बघितलं होतं. त्यांनी वेग कमी केला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, तुमच्या आत्या राहिल्या. थांबवू का?"

मी म्हटलं, थांबू नका.